ताईचा तळहात

ताईने पट्टीचा फासा भावाच्या अंगठ्यात अडकवला आणि मनगटाला तीन वेढे दिले. समोर बसलेला हा धिप्पाड माणूस गेली नऊ वर्षं हेवीवेट बॉक्सिंगचा विजेता होता. पण हात पुढे करून तिच्यासमोर बसला की अजूनही शाळेला निघालेला धाकटाच वाटायचा.

बाहेर मॅनेजर कराराचे कागद घेऊन येरझाऱ्या घालत होता. दुसऱ्या संघटनेचा विजेता, एकही लढत न हरलेला तरणाबांड गडी, अखेर याच्याशी लढायला तयार झाला होता. जिंकेल त्याच्याकडे दोन्ही किताब. अशी लढत नशिबानेच मिळते, असं मॅनेजर सकाळपासून सगळ्यांचं डोकं खात सांगत होता. विजेत्याचं उत्तर एकच होतं, ताईला विचारून सांगतो.

ताई इस्पितळात नर्स. अठरा वर्षं त्याचे हात तीच बांधत आली होती. बांधून झाले की ती दोन्ही तळहात समोर धरायची आणि तो त्यांवर एकेक ठोसा द्यायचा. भरीव आवाज आला की बांधणी पक्की. बाहेरची माणसं तेवढ्या आवाजावर निर्धास्त व्हायची.

गेल्या लढतीत त्याच्या डाव्या डोळ्यावर मार बसला. सूज उतरली, पण तेव्हापासून डावीकडचा ठोसा बोटभर बाहेर पडू लागला. आधी तिला वाटलं, आपलाच हात सरकला. त्याला त्या डोळ्याने नीट दिसत नाही हे कळल्यावरही ती गप्प राहिली. मूठ येईल तिकडे हात न्यायची आणि आवाज भरीव येऊ द्यायची. त्या डोळ्यावर आणखी एक ठोसा म्हणजे काय, हे नर्सला कुणी समजावायला नको होतं. स्वतःची लाज वाटत होती तिला. पण हरलेल्या प्रत्येक गड्याला ज्याने स्वतः हाताला धरून स्टुलावर नेऊन बसवलं, त्याला आता तू थांब, हे सांगायचं कुठल्या तोंडाने?

तिने चिकटपट्टी कापली आणि तळहात समोर धरले. उजवीकडचा ठोसा नीट बसला. डावीकडे तिने आज दात आवळून हात जागच्या जागी ठेवला.

मूठ करंगळीला चाटून गेली. आवाज झालाच नाही. बाहेरच्या येरझाऱ्या थांबल्या.

तो मुठीकडे बघत राहिला.

"आज हात हलवला नाहीस."

तिने हात खाली घेतला.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. तू हलवत होतीस तोवर धीर होता."

दार ढकलून मॅनेजर आत आला. ताई काय म्हणाल्या, असं त्याने विचारलं. ताईने तोंड उघडलं, पण भाऊ त्याआधीच दोघांच्या मध्ये उभा राहिला.

"तिला विचारलंच नाही. मलाच लढायचं नाहीये."

मॅनेजरने बराच वेळ डोकेफोड केली. विजेत्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कसलंही कारण दिलं नाही, आणि मग तो त्याला दारापर्यंत सोडून आला. किती सहज सोडली याने ही लढत, ताईच्या मनात आलं. तिने पट्ट्या कापायला कात्री घेतली.

"थांब," तो खाली बसला आणि आपला बांधलेला पंजा तिच्यासमोर धरला. "आज तू मार."

ती हसली, तरी डोळे भरलेच. तिची मूठ भलतीकडेच गेली. त्याने हात तिकडे नेला.

आवाज तसा बारीकच झाला.