गाडीत काही दोष नाही

"गाडीत काय दोष न्हाई," असं मी सुभेदार मानसिंगरावांना सांगितलं, तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचा केवढा अभिमान वाटला होता! आज ते आठवलं की आपल्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

नव्याण्णव सालची गोष्ट. उंब्रजला हायवेच्या कडेला माझं गॅरेज. सुभेदार पाटणकडच्या एका गावचे, पलटणीतून पेन्शनीत आलेले. त्यांची सून अंजना विट्याची. तिच्या वडिलांचा कोइमतूरला सोनं गाळायचा धंदा, त्यांनी लग्नात जावयाला नवी कोरी पेट्रोल गाडी दिली. कार्बोरेटर नसलेली, कॉम्प्युटरवर चालणारी. आमच्या भागात तसली दुसरी नव्हती. ती गाडी मधेच बंद पडायची, आणि तीही अंजना आत बसली असली तरच. सुभेदार एकटे कराडला गेले, त्यांचा मुलगा वीरधवल साताऱ्याला जाऊन आला, कसली तक्रार नाही. सून बसली की गाडी आचके देणार, काळा धूर सोडणार आणि गप्प होणार. घरात कुजबुज सुरू झाली. पोरगी पांढऱ्या पायाची आहे म्हणे.

असलं काही कानावर आलं की माझं डोकं फिरतं. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा माझ्या आज्यानं घरातले देव नदीत सोडले, ते काय उगाच? मी ठरवलं, दोष शोधायचा आणि या लोकांची तोंडं बंद करायची. चार दिवस गाडी ठेवून घेतली. प्लग बदलले, फिल्टर बदलला, टाकी धुतली. रोज कराडपर्यंत पळवली. पठ्ठी एकदाही बंद पडली नाही.

गाडी न्यायला सुभेदार सुनेला घेऊन आले. ती हळूच मला म्हणाली, "दादा, बंद पडायच्या आधी एक पिवळा दिवा लागतोय बघा. लगेच जातोय. आन पेट्रोलचा वास येतोय."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझ्यासमोर कधी दिवा लागला नव्हता ना! पंधरा वर्षं इंजिनं उघडणाऱ्याला कालची पोर शिकवणार? "सुभेदार, गाडीत काय दोष न्हाई," मी छाती काढून सांगितलं.

सुभेदारांनी सुनेकडं पाहिलं. "मग कुणात हाय ते कळलं," ते म्हणाले.

मी तिथंच बोलायला हवं होतं. पण दोष असेल, मलाच सापडला नाही, एवढं म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

दोन महिन्यांनी सुभेदारांचा निरोप आला. सून आणि गाडी दोन्ही विट्याला परत पाठवायची आहेत, घरातलं कुणी त्या गाडीत बसायला तयार नाही, तू पोचवून ये. गेलो. अंजना मागच्या सीटवर बसली होती, मांडीवर पिशवी, डोळे सुजलेले. वीरधवल ओसरीवर खाली मान घालून उभा. सुभेदारांनी बॉनेट उघडलं, नारळ फोडला आणि सगळं पाणी इंजिनावर ओतलं.

"हे कवापासनं करताय?" मी विचारलं.

"पयल्यापासनं. ही बसणार आसंल तवा दर टायमाला. हिची पीडा गाडीला लागू ने म्हणून."

मी बॉनेट लावलं आणि गाडी काढली.

उंब्रज तीन किलोमीटरवर आलं आणि पिवळा दिवा लागला. आचके, काळा धूर, गाडी बंद. बॉनेट उघडलं तर आत आंबूस वास. इंजिनातलं पाणी किती तापलंय हे कॉम्प्युटरला कळवणारा अंगठ्याएवढा सेन्सर असतो. त्याच्यावरची वायरीची टोपी ओढून काढली. रबर फाटलेलं, आत पिना हिरव्यागार. ओल शिरली की तिथला संपर्क तुटायचा, तापलेलं इंजिन कॉम्प्युटरला गार वाटायचं आणि तो पेट्रोल सोडत सुटायचा. इंजिन गुदमरून मरायचं. माझ्याकडं चार दिवस गाडी कोरडी होती, म्हणून ती शहाण्यासारखी वागली. आणि या पोरीसाठी म्हणून दर वेळी तिच्यात नारळ ओतला जात होता.

पॉलिश पेपरनं पिना घासल्या. गाडी एका चावीत सुरू झाली. "वैनी, सापडलं! चला माघारी!" मी ओरडलो.

"नको दादा. त्ये ऐकायचे न्हाईत."

तिचं ऐकायची मला सवयच नव्हती. गाडी वळवली.

हिरवा झालेला पॉलिश पेपर मी सुभेदारांच्या पुढ्यात धरला. "आवं सुभेदार, दोष हितं हाय. नारळाच्या पाण्यानं पिना सडल्यात. वैनीचा काय संबंध न्हाई."

त्यांनी पेपर हातातही घेतला नाही. "भावकी बसली तवा म्या तुझाच शब्द सांगितला. राजरत्न मिस्त्री म्हणतोय, गाडीत दोष न्हाई. त्या शब्दावर ठरलं सगळं. आन आता पोरीची दया आली म्हणून नारळावर ढकलतोस? तुमास्नी आमचा नारळ कवा चाललाय रं?"

मी वीरधवलकडं पाहिलं. तो आत निघून गेला. अंजना गाडीतून उतरलीच नव्हती.

मग कराड आणि पुढं विट्याचा रस्ता. गाडी झकास पळत होती, एक आचका नाही. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं की गाडी बंद पडावी, विटा येऊच नये.

कोइमतूरहून आलेले तिचे वडील दारातच उभे होते. लेक पिशवी घेऊन त्यांच्या बाजूनं आत गेली. त्यांनी मला विचारलं, "गाडी तपासली ते मिस्त्री तुमीच काय?"

"व्हय," मी म्हणालो. "गाडीत दोष हुता, आण्णा. मला सापडला न्हाई."



"एवढंच तवा सांगायचं हुतं," ते म्हणाले.

मी चावी कट्ट्यावर ठेवली आणि एस.टी. स्टँडकडं चालत निघालो.