सुतकातले डबे

माझे सासरे, आबा, मंगळवारी पहाटे सोयगावजवळच्या आमच्या गावी वारले आणि बुधवारी सकाळी साडेसहाला मी बजाजनगरात चाळीस डब्यांची कणीक मळत होते. ऐकणाऱ्याला हे निर्दय वाटेल. वाटू दे. ज्यांना तेरा दिवस बसून रडायला मिळतं, त्यांच्या पोटाची सोय कुठून तरी झालेली असते.

आमची मेस आहे. वाळूजच्या कंपन्यांतली, एका खोलीत चार-चार राहणारी पोरं माझ्याकडून डबा घेतात. नवऱ्याचं, विश्वजीतचं, कंपनीतलं कंत्राट संपलं तेव्हापासून घर या डब्यांवरच चालतं. मी रांधते, तो मोटरसायकलवर पोचवतो. गेल्या साली मला टायफॉइड झाला, पाच दिवस शेगडी बंद राहिली, तर चौदा पोरं पलीकडच्या गल्लीतल्या मेसला गेली ती गेलीच. पाच दिवसांत चौदा, तर तेरा दिवसांत किती? आबांची तिरडी बांधत होते तेव्हा माझ्या डोक्यात हे चाललं होतं. लाज वाटत होती, तरी चाललं होतं.

शिवाय मेस चालू ठेवायची तर कुणाला सांगायचं नाही. सुतकातल्या घरचं कोण खाणार? पोरं शहरात राहिली तरी त्यांच्या आया गावात असतात आणि रोज फोनवर काय जेवलास म्हणून विचारतात. मंगळवारी पोरांना गॅस संपला म्हणून कळवलं आणि संध्याकाळी मिळेल त्या गाडीनं परत आले. विश्वजीतनं दहाव्यापर्यंत गावीच राहायचं, पण तेही जमणार नव्हतं. नणंद म्हणाली, "जा तुम्ही. दिवा मी बघते." हे म्हणताना तिनं माझ्याकडे जे पाहिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आबा आमच्याजवळच राहायचे. दुपारी ओट्यावर लसूण सोलत बसायचे आणि रिकामा डबा परत द्यायला आलेल्या पोराला भाजी का टाकलीस म्हणून झापायचे. पोरंही त्यांना आबाच म्हणायची. नवऱ्याचं काम सुटलं तेव्हा माझ्या माहेरानंसुद्धा पाठ फिरवली आणि या माणसानं गावाकडची म्हैस विकून मला मोठी पातेली आणून दिली. मला त्यांच्यासाठी पोटभर रडायचं होतं. पंधरा दिवसांपूर्वी ते जत्रेला म्हणून गावी गेले होते. त्यामुळे "आबा गावाला गेलेत" हे मंगळवारपर्यंत तरी खरं होतं.

बुधवारी पोरं डबे स्वतःच येऊन घेऊन गेली. विश्वजीत गुरुवारी राख सावडून आला. अग्नी त्यानंच दिलेला, डोक्याचा पार चकोट केलेला. मी दारातच त्याच्या हातात टोपी दिली.

"कुणासमोर काढू नका."

"बाप मेला माझा, मेघा."

"माझा बी मेला. पर तेराव्यापस्तोर दम काढावा लागंल आपल्याला."

त्यानं टोपी घातली, वर हेल्मेट चढवलं आणि डब्यांच्या पिशव्या उचलून निघाला.

शुक्रवारी धोंडिबा रिकामा डबा द्यायला घरी आला. कंपनीत प्रेस मशीनवर काम करणारा, आबांचा लई लाडका. "काकू, आबा कवा येणार?"

"येतील की. सोमवारी नाय तर मंगळवारी."

माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही. आत जाऊन तोंडात पदर कोंबला आणि तव्यावरची पोळी करपू दिली.

शनिवारी दुपारी विश्वजीत परत आला तेव्हा पिशव्या जाताना होत्या तेवढ्याच जड होत्या. एक सोडून सगळे डबे भरलेले.

"कंपनीच्या गेटावर हेल्मेट काढायला लावलं का?"

"हेल्मेट वॉचमननं काढायला लावलं. टोपी मीच काढली."

मला त्याला हाणावंसं वाटलं. बायकोचं रक्त आटतंय ते या माणसाला दिसत नाही. "का?"

"एक पोरगं म्हणलं, भाऊ, आबाला नमस्कार सांगा." त्यानं टोपी ओट्यावर टाकली. "मला नाय सोसलं."

मी भात पातेल्यात परत ओतला. कुणाला द्यावा म्हटलं तरी कोण घेणार होतं.

संध्याकाळी धोंडिबा आला. त्याचा डबा रिकामा होता, घासून आणलेला. मला केवढा धीर आला सांगू.

"तू जेवलास?"

"जेवलो. सुतकाचं मला काय बी नाय, काकू. रूमवरच्या निम्म्या पोरांना बी नाय."

"मग सांग की बाबा बाकीच्यांना. उद्यापासून..."

"पर मी काल इचारलं तवा तुमी म्हणलात, येतील." तो जमिनीकडे बघत होता. "आमी मातीला आलो असतो. सुट्टी टाकून आलो असतो सगळे."

मला ओरडून सांगायचं होतं की बाळा, तेरा दिवस तुम्ही थांबला नसता, टायफॉइडात कोण थांबलं होतं? पण आबांसाठी कदाचित थांबलेही असते. खोलीवर खिचडी शिजवून दिवस काढले असते आणि चौदाव्या दिवशी डबे घेऊन दारात उभे राहिले असते. मला आता ते कधीच कळणार नाही, कारण मी त्यांना विचारलंच नव्हतं.

"उद्यापासून डबा नको, काकू. कुणालाच नको." पायरी उतरून तो थांबला. "तेराव्याला मात्र येणार हाय आमी. गावाला. आबांच्या नावानं दोन घास खाऊ."

"किती जण?" सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं.

"सगळेच," तो म्हणाला.