सिस्टरांच्या खिशातली घंटी

सकाळी दहाच्या सुमारास सिस्टर स्वयंपाकघरात पडल्या. ओट्यावरून दुधाचं पातेलं उचलताना पाय घसरला आणि त्या उजव्या कुशीवर आदळल्या. मी त्यांच्या गाऊनच्या खिशात होते. मी वाजले नाही.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. मुठीत मावेन एवढीच. माझी मूठ लाकडाची आहे आणि तिच्यावरचा रंग केव्हाच उडाला आहे. माझ्यासारख्या घंट्या आता कुणी बनवत नाही, त्यामुळे मी कशी जन्मले ते आधी सांगते.

एका ओतकाम करणाऱ्याने मला साच्यातून काढलं, कानशीने माझ्या कडा घासल्या आणि कानाशी धरून वाजवून पाहिलं. मी त्याला पसंत पडले. माझ्या बहिणींबरोबर भुशाच्या खोक्यात घालून मला एका मोठ्या रुग्णालयात पाठवण्यात आलं. तिथे बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या पलंगाशी मला जागा मिळाली. जिला उठवत नाही तिने मला वाजवायचं आणि जिला ऐकू येईल त्या नर्सने यायचं, एवढंच माझं काम होतं. मला ते फार मोठं वाटायचं.

सिस्टर त्या वॉर्डात आल्या तेव्हा अगदी नव्या होत्या. मी नुसती किणकिणले तरी त्या हातातलं काम टाकून धावत यायच्या. पाणी, उशी, बेडपॅन, काहीही असो, त्यांचं तोंड वाकडं झालेलं मी पाहिलं नाही. मात्र ड्यूटी रूमचं दार कधीच नीट लागत नसे आणि आतलं बोलणं मला ऐकू यायचं.

"घंटाराणींचा हुकूम आला बघा," एखादी म्हणायची. "उशी दोन बोटं डावीकडे सरकवायची असेल."

"आल्यापासून तिचा हात खाली नाही. मनगट दुखत नाही का गं तिचं?"

मग हशा व्हायचा. पहिली काही वर्षं सिस्टर त्यात हसत नव्हत्या. पुढे हसू लागल्या आणि त्यानंतर ती नावं त्याच ठेवू लागल्या. त्यांची नावं सगळ्यांत चपखल असायची. मला एक म्हातारी आठवते. तिने तो हशा ऐकला आणि मला उचलायला पुढे केलेला हात पांघरुणात परत नेला. दुपारभर ती कोरड्या ओठांनी पडून राहिली. तिने कुणाला दोष दिला नाही. तिला लाज वाटली होती, आणि तिची लाज मला लागली. आपल्या आवाजाने लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात हे कळल्यावर कोणती घंटी मान वर करून बसेल?

पुढे भिंतीत बटणं आली, दारांवर लाल दिवे आले आणि आम्हां घंट्यांची रवानगी भांडारात झाली. तिथे मी बराच काळ धूळ खात पडले होते. सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा भांडारवाल्याने मला चिंच लावून घासलं, फीत बांधली आणि निरोपाच्या कार्यक्रमात त्यांच्या हाती दिलं. मुख्य परिचारिका म्हणाल्या, "ही वाजायच्या आधीच आमच्या सिस्टर पोहोचलेल्या असत." खूप टाळ्या पडल्या. सिस्टरांच्या घरी मी काचेच्या कपाटात गेले. पाहुणे मला बघायचे आणि सिस्टर तेच वाक्य सांगायच्या.

त्यांचे यजमान गेले. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला. गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली आणि एकदा बाथरूममध्ये तोल जाता जाता राहिला. ते सिस्टरांच्या तोंडून फोनवर निसटलं आणि मुलगा पुढच्याच गाडीने दारात हजर. त्याने बाथरूममध्ये आधाराचे दांडे बसवून घेतले, पायपुसणी गुंडाळून माळ्यावर टाकली आणि गळ्यात घालायचं एक बटण दाखवलं. ते दाबलं की फोन जातो, असं तो म्हणाला.

"गळ्यात पट्टा घालायला मी काय कुत्रं आहे?" सिस्टर म्हणाल्या.

"मग माझ्याकडे चल. एकटीला ठेवून मला रात्री झोप लागत नाही, आई."

"तुझ्याकडे येऊन मी काय करू? तिथला भाजीवालासुद्धा मला ओळखत नाही. इथे मी माझा चहा करते, माझी भाजी आणते, माझं दार मी लावते. ते सोडून मी यायचं?"

बराच वेळ वाद झाला. शेवटी सिस्टरांनी कपाट उघडून मला बाहेर काढलं. "ही आहे ना! खिशात ठेवीन. समोर शिंपीदादा दिवसभर मशीनवरच असतात."

शिंपीदादांचं दुकान म्हणजे जिन्यापलीकडची त्यांची पुढची खोली. तेही लगेच म्हणाले, "माझे कान शाबूत आहेत. वाजली की आलोच."

मुलाने घराची एक किल्ली त्यांच्याकडे दिली आणि आईला बजावलं, "घंटी अंगावर नसेल तर आपला करार संपला." त्या दिवशी मला किती आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांनी मी पुन्हा कामाची झाले होते. माझ्यामुळे सिस्टर आपल्या घरात राहणार होत्या.

आनंद फार टिकला नाही. सिस्टर चालल्या की मी खिशात वाजायचे. तो माझा स्वभावच. दुसऱ्याच दिवशी शिंपीदादा गळ्यात टेप आणि तोंडात टाचण्या घेऊन धावत आले. त्यांच्यामागून एक गिऱ्हाईक, एकच बाही जोडलेला सदरा अंगावर घेऊन.

"काय झालं, सिस्टर?"

"काही नाही हो. मी चालते तशी ती वाजते."

गिऱ्हाईक हसलं. "शेळीच्या गळ्यात बांधतात तसंच की! हरवायला नको म्हणून."

शिंपीदादांनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. सिस्टरही हसल्या. दार लागल्यावर मात्र त्या खुर्चीत बसून राहिल्या. मग त्यांनी औषधांच्या डब्यातून कापूस काढला, त्याचा घट्ट बोळा केला आणि माझ्या पोटात ठासला. माझा लोलक जागच्या जागी अडकला. मुलाचा फोन आला की त्या सांगायच्या, "हो रे बाबा, खिशातच आहे." आणि ते खरंच होतं.

तर मित्रांनो, सिस्टर पडल्या तेव्हा मी अशी मुकी होते.

त्यांचा हात मोकळा होता. तो खिशात आला, माझ्या मुठीवर टेकला. बोळा ओढायला एक बोट पुरे होतं. बोट कापसापर्यंत आलं आणि थांबलं. त्या पुटपुटल्या, "जरा बसायला जमलं की उठेन." ते जमलं नाही. दूध ओट्यावरून ठिबकत राहिलं. फोन आतल्या खोलीत वाजून वाजून थांबला. ऊन खिडकीतून आत आलं, फरशीवरून सरकत गेलं आणि त्यांच्या पायांवरून उतरलं. नंतर फरशी आणखी ओली झाली, ती दुधाने नव्हे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओल्या चादरी हसतमुखाने बदलणाऱ्या त्या बाईने तोंडावर हात घेतला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरीही.

दुपारी दारावर टकटक झाली. शिंपीदादा होते. "सिस्टर, तुमच्या उशीचे अभ्रे झालेत."

मी मनात म्हटलं, सुटलो! आणि सिस्टर अगदी खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मी कामात आहे हो. उद्या द्या."

पावलं गेली. मला त्या क्षणी स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी भांडारातल्या धुळीतही वाटली नव्हती. जिचा जन्म हाक मारण्यासाठी, ती खिशात कापूस खाऊन बसली होती.

पावलं परत आली. या वेळी आवाज दाराच्या अगदी खालून आला. "सिस्टर, तुम्ही खालून का बोलताय? काय पुसताय का? मी दार उघडतोय हं."

किल्ली फिरली. शिंपीदादा आत आले, दारातच थबकले आणि त्यांनी फरशी पाहिली. सिस्टर म्हणाल्या, "आधी दार लावा. जिन्यात लोक असतील."

त्यांनी दार लावलं. पुढे येताना त्यांचं कोपर ओट्यावरच्या पाण्याच्या तांब्याला लागलं आणि सगळं पाणी खाली सांडलं. "छे! काय धांदरट माणूस मी. सगळी फरशी ओली केली." मग हातातल्या अभ्र्यांनीच ते पुसू लागले. तांब्या त्यांच्या वाटेत नव्हता, हे मी खिशातूनही सांगू शकते.

रुग्णालयात कळलं की खुब्याचं हाड मोडलं आहे. शस्त्रक्रिया झाली. मुलगा आला. कपड्यांच्या पिशवीत मी त्याच्या हाती लागले. त्याने मला हलवलं, मग उलटं केलं.

"आई, हे काय?"

"सारखी वाजायची."

"घंटी आहे ती! वाजणारच!" आजूबाजूच्या पलंगांवरच्या माना वळल्या, तसा त्याने आवाज खाली आणला. "सकाळपासून दुपारपर्यंत तू फरशीवर होतीस. मला रोज सांगत होतीस, खिशात आहे म्हणून."

"कुणाला त्रास द्यायचा नव्हता."

"आणि हा त्रास नाही?"

त्याने कापूस काढून कचऱ्यात टाकला आणि मला पलंगाशेजारच्या कपाटावर ठेवलं. पिशवीतली घराची किल्ली मात्र स्वतःच्या खिशात टाकली. सिस्टरांनी ते पाहिलं.

या वॉर्डात त्यांना कुणी सिस्टर म्हणत नाही. तरुण नर्स म्हणते, "आजी, उठायचं झालं की बटण दाबायचं हं." आजी मान हलवतात आणि बटण दाबत नाहीत. काल नर्सने त्यांना पलंगाचा दांडा धरून एकट्या उठताना पकडलं.

"आजी, नवीन खुबा आहे तो! हौस आहे का पुन्हा पडायची?"

"तुम्ही ड्यूटी रूममध्ये काय बोलता, ते मला ठाऊक आहे," सिस्टर म्हणाल्या.

नर्स जरा गोंधळली. मग तिने त्यांचे पाय उचलून पलंगावर ठेवले. "बोलतो ना. दमलो की बोलतो. पण येतो की नाही?"

सिस्टरांनी पांघरूण वर ओढलं. त्याही बोलत असत आणि येत असत.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, "तुला तुझ्या घरी राहायचंय ना? राहा. डॉक्टर म्हणतात, पाय चालेल. घरी मदतीला बाई ठेवू, शिंपीदादा आहेतच. पण तू हाक मारशील याची खात्री मला कोण देणार? एकदा, एकदाच, कुणाला तरी बोलवून दाखव. मग किल्ली तुझी."

"परीक्षा घेतोस माझी?"

"हो."

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी हाक मारत असेल. चष्मा शोधायला, झाकण उघडायला, नुसतं उठवायला. तुम्ही जाता, हे मला माहीत आहे. पण जाताना "आता काय?" म्हणत असाल, तर ते म्हणू नका. तेवढ्याने हात पांघरुणात परत जातो आणि पुढे कधी बाहेर येत नाही. ज्याला हक्काने हाक मारता येते, तोच आपल्या घरात निर्धास्त एकटा राहू शकतो. आणि दांडे बसवा, पायपुसणी उचला, पण ज्याच्यासाठी करता त्याची लाजही जरा विचारात घ्या. ती कुठल्याही ओल्या फरशीहून निसरडी असते.

आज दुपारी जेवणाची ताटं गेली आहेत. मुलगा व्हरांड्यात पाठमोरा उभा आहे. तरुण नर्स पलीकडच्या पलंगाशी पट्टी बदलते आहे. सिस्टर उठून पलंगाच्या कडेला बसल्या आहेत. त्यांना बाथरूमला जायचं आहे. एक चप्पल पायात आहे, दुसरी पलंगाखाली सरकली आहे आणि वाकल्याशिवाय ती हाती येणार नाही. भिंतीतल्या बटणाकडे त्यांनी पाहिलेलं नाही. मला त्यांनी उचललं आहे आणि त्यांचा अंगठा माझ्या लोलकावर आहे.