अप्पांच्या सीटखालचा मऊ टायर

मित्रांनो, मी एक टायर आहे. आणि स्वतःच्या तोंडाने सांगतो, मऊ स्वभावाचा टायर आहे. बंगळुरूत जयनगरच्या एका गल्लीत, लाल स्पोर्ट्स कारच्या डाव्या पुढच्या चाकावर माझा मुक्काम असतो. ज्याने मला निवडलं त्याचं मन सोन्यासारखं होतं. तरी माझी गोष्ट काही सुखाची नाही.

माझा जन्म कारखान्यातला. रबर, धागे आणि पोलादी तारा एकत्र करून मला तापलेल्या साच्यात घातलं. बाहेर आलो तेव्हा अंगावर रबराची बारीक लव होती, तान्ह्या बाळासारखी. मग होसकोट्याच्या गोदामात पडून राहिलो आणि तिथून शिवकुमारच्या टायरच्या दुकानात आलो.

एके दिवशी शुभंकर तिथे आला. त्याची हौसेची कार जमिनीला टेकल्यासारखी बसकी, आणि तिचे टायर पापडासारखे पातळ कडेचे. "दिसायला झकास आहेत, पण खड्डा थेट पाठीत जातो," तो शिवकुमारला म्हणाला. "माझे वडील शेजारी बसतात. उतरताना कण्हतात. मला कळू देत नाहीत, पण ऐकू येतंच."

"सर, रिम एक इंच लहान घ्या, टायर उंच कडेचा घ्या," शिवकुमारने सुचवलं. "गाडीची ऐट स्वल्प कमी होईल. पण खड्डा टायरमध्येच जिरेल."

शुभंकरने ऐटीवर पाणी सोडलं आणि मला निवडलं. वडिलांसाठी एवढं करणारा मुलगा पाहून मला त्याचं फार कौतुक वाटलं.

त्याचे वडील म्हणजे कृष्णाजी. घरात सगळे त्यांना अप्पा म्हणतात. मूळचे बेळगावकडचे, पण सारी हयात इथेच गेलेली. स्कूटरवरून त्यांनी हे शहर पालथं घातलं होतं. पुढे काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. रविवारी मुलाच्या शेजारी बसून बनशंकरीच्या देवळापर्यंत चक्कर मारायची, एवढीच त्यांची चैन उरली होती.

पहिल्या रविवारी मी जीव ओतून काम केलं. काय ते खड्डे, काय ते उकरून बुजवलेले चर! सगळे पोटात घेतले, एकही वर पोचू दिला नाही. अप्पा मात्र गप्प होते.

"छान वाटतंय ना, अप्पा?" शुभंकरने विचारलं.

"सरी, सरी, ठीक आहे. लोण्यासारखी चाललीय," ते म्हणाले. मी मनात फुशारलो.

पुढच्या रविवारीही ते गप्पच. मग म्हणू लागले, "आज नको, कंटाळा आलाय." हळूहळू त्यांचं येणंच थांबलं. असे कित्येक महिने गेले. वय झालं, असं म्हणून शुभंकरने मनाची समजूत घातली.

शेवटी सून भार्गवीला राहवलं नाही. तिने अप्पांना हाताला धरून गाडीत आणून बसवलं आणि दार उघडं ठेवूनच विचारलं, "अप्पा, खरं सांगा. फिरायला का येत नाही?"

 ते म्हणाले, "गाडी कुठं चाललीय तेच मला कळंना झालंय, बाळ. आधी हादरा बसला की कळायचं. हा मंडईपुढचा खड्डा, हा शाळेचा स्पीडब्रेकर, आता देऊळ आलं. सगळं गाव दिसायचं बघ मला. आता नुसतं अंधारात बसल्यागत वाटतंय."

शुभंकर शेजारीच उभा होता. त्याचा चेहरा पार उतरला. "अप्पा, मी उद्याच कडक टायर बसवतो."

"नको रे. आता काय उपयोग? एवढ्या दिवसांत रस्ते परत उकरले असतील. ते माझ्या ओळखीचे राहिले नाहीत." अप्पांनी चाचपत त्याचा हात धरला. "पाठ दुखत होती, ते खरं. पण तू एकदा विचारलं असतंस, तर सांगितलो असतो की, दुखू दे म्हणून."

शुभंकरने तो हात दोन्ही हातांत घट्ट धरला. आणि मला तर माझ्या मऊपणाचीच लाज वाटली.

मित्रांनो, घरातल्या मोठ्यांची काळजी घ्या, जरूर घ्या. पण त्यांचं सुख ठरवायच्या आधी त्यांना विचारा. ते आपणहून सांगत नाहीत. मी पडलो टायर. अप्पांच्या ओळखीचा एक खड्डासुद्धा मला त्यांना परत देता येत नाही.