मान आधी, बिअर नंतर

दोष मालकाचा. मामाने री ओढली, हॉटेलवाला हसला, तेही खरं. पण फळ्यावर लिहिलेला क्रम बाहीने पुसला तो मालकाने. मी समोरच होतो, टेबलावर, रिकामा.

मी बिअर चाखायचा पेला बोलतोय. बारीक दांडीवर उभा, पोटाला गोल आणि तोंडाशी आवळलेला, म्हणजे वास आत साठून राहतो. वितळलेल्या काचेत एका कारागिराने फुंकर घातली आणि मी झालो. आम्ही सहा भावंडं एकाच खोक्यातून या छोट्या बिअरच्या कारखान्यात आलो. आता दोघंच उरलोय. बाकीचे चौघे मालकाच्या दोस्तांकडून गेले. ‘माझ्याकडून फोडला’ असं एकही बोलला नाही. मोठी माणसं पेले फोडत नाहीत, पेले आपोआप फुटतात.

इथे बॉक बनते. मोड आणून भाजलेल्या जवाची कडक बिअर, तळघरातल्या थंडीत आठवडेच्या आठवडे मुरवलेली. मालक तिच्यातली सगळ्यांत दांडगी करतो. बिअर गोठवायची, वरचा बर्फ काढून फेकायचा आणि उरलेला दाट काळा अर्क बाटलीत भरायचा. मनुका, करपलेली साखर आणि घशात निखारा. भारी आहे ती, उगाच नाव ठेवणार नाही.

मालकाची धाकटी मुलगी दुसऱ्या वर्षी कॉलेजला रामराम ठोकून तळघरात उतरली. ‘शिकली असती तर’ हे वाक्य त्या घरात चहाबरोबर मिळायचं. तिने दोन वर्षं टाक्या घासल्या. मग एक फिकट बॉक केली.

ती माझ्यात पहिल्यांदा ओतली तो क्षण मी विसरू शकत नाही. रंग घासलेल्या पितळेचा, वर साईसारखा फेस. धाकटीने लगेच तोंडाला लावली नाही. मला दोन्ही तळव्यांत धरून नुसती बसली. थंडी उतरत गेली तसतसा आतून एकेक वास वर आला. आधी पावाचा खरपूस पापुद्रा, मग मध, मग कापलेलं गवत, आणि सगळ्यांच्या मागून फुलासारखं काहीतरी, ज्याला माझ्याकडे नाव नाही. शेकडो बिअरी माझ्या पोटातून गेल्यात. इतकं हलकं आणि इतकं खोल एकाच वेळी असू शकतं, हे मला ठाऊकच नव्हतं. त्या वासाला धक्का लागू नये म्हणून मी स्तब्ध उभा राहिलो. पेला दुसरं काय करणार म्हणा.

उन्हाळ्यासाठी मोठ्या टाकीत कोणती बॉक जाणार, हे एका दुपारी चाखून ठरायचं होतं. शेवटचा शब्द हॉटेलवाल्याचा, कारण माल तो घेणार. धाकटीला दुसऱ्या गावच्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं. तिने बापाला तोंडावर सांगितलं होतं, “टाकी मिळाली तर राहते. नाही तर जाते.”

तिने फळ्यावर चाखायच्या चार बिअरींचा क्रम लिहिला. सगळ्यांत हलकी आधी, म्हणजे तिची. सगळ्यांत कडक शेवटी, म्हणजे बापाची. चाखण्याची रीतच ती आहे.

मालकाने चष्मा वर केला. “हे काय? माझी शेवटी?”

“बाबा, तुमची आधी घेतली तर जीभ बधिर होते. पुढचं काही कळत नाही.”

“चाळीस वर्षांत माझी नाही झाली बधिर.”

“तुम्हाला कसं कळणार? बधिर झालेल्याला कळतं का?”

हॉटेलवाला खो खो हसला. तिथेच गाडी बिघडली. मालकाने बाहीने फळा पुसला. “आधी मोठ्यांची. पोरीची नंतर. या घरात असंच चालतं.”

“दाजी म्हणतात ते बरोबर,” शेजारी बसलेला धाकटीचा मामा म्हणाला. “मान राखावा, पोरी. परीक्षेला बसली असतीस तर कळलं असतं.”

“मामा, तुम्ही बसला होतात तीनदा. काय कळलं?”

पण क्रम बदलला तो बदललाच. काळा अर्क तिघांनी दोन-दोनदा घेतला. जिभांवर करपलेल्या साखरेचा लेप बसला. मधल्या दोन झाल्या, मग तिची आली, तीही बर्फात बुडवून ठेवलेली. वास पार मिटलेला.

“पाणी आहे,” मामा म्हणाला.

हॉटेलवाल्याने ओठ पुसले. “छान आहे, पण चव अशी काही लागत नाही.”

मालक म्हणाला, “बघ.”

धाकटीने पेले गोळा केले. मला साध्या पाण्याने विसळलं, उपडं घातलं. दोन दिवसांनी गेली.

महिन्याभराने एका सकाळी मालकाने तिची उरलेली बाटली काढली. पोटात काही नव्हतं, जिभेवर काही नव्हतं. माझ्यात ओतली आणि तेवढ्यात फोन आला. तो परतला तेव्हा माझी थंडी उतरली होती. त्याने घोट घेतला. मग खुर्ची न बघताच खाली बसला. घोटाघोटाला तो मला उजेडात धरून आत बघत राहिला. एवढा मोठा माणूस, आणि चेहरा पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्या पोरासारखा.

त्याने तिला फोन लावला. “काय घातलं होतंस गं त्यात?”

पलीकडून तिचा आवाज आला, “काही नाही, बाबा. बारा आठवडे हात लावला नाही, एवढंच. तुम्ही सहाव्याच आठवड्यात टाकीचं झाकण उघडता.”

त्यानंतर त्याने ती दोनदा करून पाहिली. दोन्ही वेळा सहाव्या आठवड्यात झाकण उघडलं.

मी अजून फळीवर आहे, काठाला बारीक टवका उडालेला. तुमच्या हाती माझ्यासारखा कुणी आला तर हलकीला आधी येऊ द्या, आणि तिला तळव्यांत थोडी ऊब द्या. बाकी काही मागणं नाही.

हॉटेलवाला आता धाकटीच्या नव्या कारखान्यातून फिकट बॉक घेतो. मालकाची मोठी टाकी रिकामी आहे. मुलगी परत आली नाही.