नावानं हाक

दाराजवळची दोरी सुनंदाने दोनदा ओढली. आतल्या खोलीत टेबलासमोर टांगलेलं लाल फडकं दोनदा उडालं आणि शरदचंद्रांनी मान वर केली. मंडळाच्या शर्यतीही ते असंच फडकं खाली पाडून सुरू करत. बंदुकीचा बार तिथे कुणालाच ऐकू गेला नसता.

"परदेशचं आहे," ती ओठ नीट हलवत म्हणाली आणि पाकीट पुढे केलं.

त्यांनी ते उभ्यानेच वाचलं. अंबरनाथच्या कारखान्यातली ड्राफ्ट्समनची नोकरी सांभाळून त्यांनी बहिऱ्या खेळाडूंचं मंडळ उभं केलं, तेव्हा सात पोरं होती आणि एकाच्याही पायात बूट नव्हते. आता पुण्याहूनसुद्धा खेळाडू येत. युरोपातल्या जागतिक संघटनेला तर पत्रं लिहून लिहून त्यांनी भंडावून सोडलं होतं.

"निवडलं मला!" ते ओरडलेच. आपला आवाज किती चढलाय हे त्यांना कळत नसे. "कार्यकारिणीवर! ऑगस्टात सभा आहे."

सुनंदाला आनंद व्हायला हवा होता. तिने थोडी वाट पाहिली, पण मनात काही हललं नाही.

सोमवारी मुंबईच्या कानाच्या डॉक्टरांचं कार्ड आलं होतं. कार्ड उघडंच असतं, दारापासून टेबलापर्यंत नेईतो वाचून होतं. उजव्या कानाचं ऑपरेशन करता येईल, पुष्कळ आशा आहे, चार जूनला भरती व्हा. मुलगी कुंदा सात वर्षांची झाली तरी तिचा आवाज शरदचंद्रांनी ऐकलाच नव्हता. कान त्याआधीच गेले होते. कार्ड टेबलावर ठेवून सुनंदा गप्प राहिली. ही बातमी तिला त्यांच्याच तोंडून ऐकायची होती. आज गुरुवार उजाडला होता.

"आणि डॉक्टरांचं काय झालं?" तिने विचारलं.

"ते होय? काही होण्यासारखं नाही म्हणाले."

बोलता बोलता त्यांनी तिच्या ओठांवरून नजर काढली. नजर काढली की त्या घरात बोलणं संपत असे.

मग त्यांनी पाकिटातला फॉर्म काढून तिच्यापुढे धरला.

"पदाधिकारी बहिराच लागतो. बरोबरच आहे. ऐकणाऱ्यांनी आजवर आमच्यासाठी काय केलंय? डॉक्टरची सही मी घेतो. दुसरी घरच्या माणसाची. पाच पावलांवर मागे उभं राहून नावानं मोठ्यांदा हाक मारायची. ऐकू गेली नाही, तर सही."

"करते की सही. हाक कशाला?"

"खोटं नको. रीतसर कर." ते भिंतीकडे तोंड करून बसले.

सुनंदा पाच पावलं मागे आली. उंबऱ्यात कुंदा पाटीवर पाढे लिहीत होती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि नवऱ्याचं नाव तिने एकदाच घेतलं होतं, मांडवात, उखाण्यात. तेव्हा त्यांना सगळं ऐकू येत होतं. ते लाजले होते आणि नणंदा आठवडाभर त्यांना चिडवत होत्या.

"शरदचंद्र!"

पाठ हलली नाही. कुंदाची पेन्सिल मात्र थांबली.

फॉर्मात एकच हाक लिहिली होती. सुनंदाने दुसरीही मारली, घसा ताणून. शेजारच्या बनूबाईंनी खिडकी उघडल्याचा आवाज झाला. मग तिसरी तिने अगदी हळू मारली, जेवायला बोलवावं तशी.

"शरदचंद्र."

कॉलरच्या वर मानेला घाम आला होता. तो ती बघत राहिली. मग दाराशी जाऊन तिने दोरी ओढली. फडकं उडालं आणि ते वळले.

"झालं?"

तिने मान डोलावली, टेबलाशी येऊन दाखवलेल्या जागी सही केली. अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलं.

फॉर्मची घडी घालताना ते मिस्कील हसले. "नावानं मारलीस, की आपलं 'अहो'?"

सुनंदाने ओठ दिसावेत म्हणून चेहरा खिडकीच्या उजेडाकडे फिरवला.

"अहो," ती म्हणाली.

"वाटलंच मला! असू दे, तिकडे कुणाला कळतंय." ते पाकिटाला डिंक लावायला वळले.

"बाबा, आईनं नावच घेतलं," कुंदा उंबऱ्यातून म्हणाली. "तीनदा."

त्यांची पाठ तिच्याकडे होती.