चौथी कड

"स्वतःच्या घरात चोरासारखं कुजबुजायचं, एवढंच राहिलं होतं माझ्या नशिबात," सासूबाई वहिनीच्या कानाशी तोंड नेऊन पुटपुटल्या. "घसा बसला माझा. जन्मभर ओरडून बोलले तेव्हा नाही बसला तो."

"मग थोडा वेळ बोलूच नका ना."

"ते तर त्याहून अवघड."

वहिनीला हसू आलं, पण तेही तिने गिळलं. घरात हल्ली हसणंसुद्धा बेताने चालायचं. स्वयंपाकघराच्या एका अंगाला मिस्त्रींची खोली, दुसऱ्या अंगाला वर्कशॉप, आणि मधे या दोघी. भिंती अशा, की इकडे चमचा पडला तर तिकडून "काय पडलं?" असा प्रश्न यायचा. हल्ली तो प्रश्न येत नव्हता, पण ऐकणारा माणूस तिथेच पडून होता.

मिस्त्री म्हणजे तिचा नवरा. तिला वहिनी म्हणायला सुरुवात केली ती धाकट्या दिराने. मग गिऱ्हाइकांनी तेच उचललं, आणि शेवटी मिस्त्रीही चारचौघांत "वहिनींना विचारा" म्हणायला लागले. दोघं भाऊ मिळून टेबलं करायचे. म्हणजे करायचे मिस्त्री. धाकटा धरायचा, उचलायचा, घासायचा, आणि बोलणी खायचा. त्यातलं त्याला काही कमी पडलं नाही.

शेवटचं काम हातात होतं ते वाचनालयाचं. अक्रोडाच्या लाकडाचं लांबलचक टेबल, आणि वाचनालयाच्या बाईंच्या हौसेची कड: सरळ नाही, लाटेसारखी आत-बाहेर जाणारी, म्हणजे प्रत्येक वाचणाऱ्याला आपापला खोलगट कोपरा मिळावा. तसल्या कडेसाठी आधी प्लायवूडचा फर्मा, म्हणजे साचा, लागतो. तो फळीच्या पोटाला चिकटवायचा, मग राऊटर, म्हणजे कड कापायचं विजेवरचं यंत्र, फिरवायचा. पात्याखालची इवलीशी बेरिंग फर्म्याला चाटत जाते आणि पातं वरच्या लाकडाला हुबेहूब तोच आकार देतं. फर्म्यात केसाएवढी खोट असली तरी ती टेबलात उतरते. म्हणून मिस्त्री फर्मा घासत बसले की दिवसच्या दिवस जायचे. "इतका जीव माझ्या माहेरच्या माणसांना लावला असता तर पूजा केली असती त्यांनी तुमची," वहिनी म्हणायची. मिस्त्री म्हणायचे, "तुझ्या माहेरची माणसं घासून सरळ होण्यातली नाहीत."

दोन आखूड कडा झाल्या, मग एक लांब झाली. चौथीला सकाळी हात घालू म्हणून मिस्त्री झोपले, आणि सकाळी त्यांची उजवी बाजू उठलीच नाही.

इस्पितळात डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं होतं. पाय काठीने थोडाफार चालेल. बोलणं दोन-चार शब्दांवर येईल, मग कदाचित आणखी. उजवा हात मात्र परत येईल असं धरून चालू नका. तिने घरी येऊन दोघांना तेच सांगितलं आणि लगेच बजावलं, "त्यांच्यासमोर हे कोणी काढायचं नाही. आशा गेली तर ते पायही उचलणार नाहीत." धाकट्याने मान हलवली. सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला, आणि त्या दिवसापासून घराला एक नवीन काम लागलं: न बोलण्याचं.

मिस्त्रींच्या उजव्या हातात रबरी चेंडू द्यायचा. बोटं त्याच्यावर नुसती पडून राहायची. तरी सासूबाई म्हणायच्या, "कालच्यापेक्षा घट्ट धरलाय हं." धाकटा म्हणायचा, "दादा, चौथी कड तुझ्यासाठी ठेवलीय बघ." वहिनी म्हणायची, "होईल सगळं." व्यायाम शिकवायला येणारी बाई तेवढी काही म्हणायची नाही. ती निघताना आपल्या बुटांकडे बघत राहायची.

आणि राऊटर बंद. त्याचा आवाज मिस्त्रींना अंगाईसारखा पाठ. तो भिंतीपलीकडून ऐकू आला तर दुसऱ्या कोणाच्या तरी हातात आहे हे त्यांना सांगायला लागलं नसतं. म्हणून राऊटर जुन्या चादरीत गुंडाळून टेबलाखाली सरकवला होता. करवत चाले, रंधा चाले, काचकागद चाले. राऊटरचं काम निघालं की धाकटा फळ्या गाडीवर घालून मित्राच्या वर्कशॉपमध्ये घेऊन जायचा, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. पण वाचनालयाचं टेबल गाडीत मावणारं नव्हतं आणि चौघांना उचलवणारं नव्हतं. ते तिथेच, चादरीखाली, तीन कडांचं होऊन पडलं होतं. भांडी घासून झाली की वहिनी कधीकधी तिकडे जायची, चादरीत हात घालून ती लांब कड चाचपायची. मिस्त्रींच्या हातून निघालेलं शेवटचं काम. कुठे खरखर नाही, कुठे जळल्याचा डाग नाही. मग हात काढून घ्यायची, कोणी बघितलं नाही ना याची खात्री करायची.

वाचनालयाच्या बाई दोनदा येऊन "घाई नाही हं" म्हणून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी तेही म्हटलं नाही. नुसत्या दाराशी उभ्या राहिल्या आणि सांगितलं की वाचनालय उघडायचा दिवस ठरलाय.

त्यावरच आता ही कुजबुज चालली होती.

"त्यांना बागेत घेऊन जाते," वहिनी म्हणाली. "उन्हात बसवते. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणायचं. तेवढ्यात भावजींनी कड उरकायची."

"उरकायची?" धाकटा दारात उभा होता. "वहिनी, ते केस कापणं नाहीये. पातळ पातळ घेत यावं लागतं. दादा एका कडेला अख्खी दुपार लावायचा."

"मग तुम्ही काय, संध्याकाळपर्यंत आम्हाला बागेतच ठेवणार? ते गारठतील."

"बघतो," धाकटा म्हणाला. त्याच्या 'बघतो'चा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता, पण तेव्हा कोणाला दुसरं काही सुचलं नाही.

मिस्त्रींना चाकाच्या खुर्चीत बसवताना त्यांनी वहिनीकडे जरा जास्तच वेळ बघितलं. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळलेला, पण डोळे पहिल्यासारखेच, लाकडातली गाठ शोधणारे.

"ऊन घ्यायचंय," ती म्हणाली.

"ऊन," मिस्त्री म्हणाले. आभाळ भरलेलं होतं.

बागेत एक बाक आणि पानं झडलेली चार झाडं. सासूबाईंनी वेळ काढायचं काम अंगावर घेतलं. शेजारणीच्या सुनेचं गाऱ्हाणं झालं, मग शेजारणीच्या कुत्र्याचं, मग कुत्र्यालाही त्या सुनेचा कसा कंटाळा आलाय ते. इतक्या दिवसांनी मोठ्याने बोलायला मिळालं म्हणून त्यांना चेव आला होता. वहिनीने मिस्त्रींच्या गुडघ्यांवर शाल पसरली, उजवा हात शालीच्या आत घेतला. तो गार होता. तिने तो चोळला. कोणाचा तरी दुसऱ्याचाच हात चोळतोय असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज वाटली.

"घर," मिस्त्री म्हणाले.

"थांब रे जरा, आत्ता तर आलो," सासूबाई म्हणाल्या. "बरं का, मग त्या कुत्र्याने काय केलं..."

"घर."

तिसऱ्यांदा त्यांनी शब्द वाया घातला नाही. डावा पाय जमिनीला लावून खुर्ची स्वतःच ढकलायला लागले. ती वाकडी झाली, चाक फुलझाडांच्या वाफ्यात गेलं. त्यापुढे काय करणार. निघाल्या.

गल्लीच्या वळणावरच आवाज आला. राऊटरचा, उंच, एकसुरी. सासूबाई जोरजोरात खोकायला लागल्या. आधी खोटं खोकल्या, मग खराच ठसका लागला. पण खोकल्याने राऊटर काही झाकला जात नाही. वहिनीने मिस्त्रींच्या डोक्याकडे बघितलं. मान किंचित तिरकी, आवाजाकडे कान. रागावल्यासारखे नव्हते ते दिसत. कामावर असल्यासारखे दिसत होते.

आवाज जड झाला. मशीन कोणीतरी पुढे रेटत होतं.

"हळू," मिस्त्री म्हणाले. गल्लीत, कोणालाच नाही. "हळू... हळू."

मग काडकन काहीतरी झालं, आणि राऊटर थांबला.

"फाटलं," मिस्त्री म्हणाले.

वर्कशॉपचा उंबरा चढवताना खुर्ची दोघींना आवरेना. धाकटा धावत आला, केसांत, भुवयांत भुसा. भावाला बघून जागीच थिजला. मग खुर्चीची पुढची चाकं त्यानेच उचलली.

चौथी कड जवळजवळ पूर्ण झाली होती. शेवटच्या लाटेपाशी, जिथे लाकडाची रेषा उलटी फिरत होती, तिथून बोटभर लांबीची ढलपी उडालेली. खाली पांढरट, कच्चं लाकूड उघडं पडलं होतं. खरवडलेल्या गुडघ्यासारखं.

"घाई झाली," धाकटा म्हणाला. "एकदम जास्त घेतलं मी. दादा, मला वाटलं तुम्ही येण्याआधी..." पुढचं वाक्य त्याने गिळलं. गिळण्याची सवय सगळ्यांनाच झाली होती.

मिस्त्रींनी डावा हात पुढे केला. वहिनीने खुर्ची टेबलाला भिडवली. जखमेवरून त्यांचं बोट गेलं, खोली बघत. मग त्यांनी खुर्ची फिरवायची खूण केली. टेबलाला पूर्ण वळसा घालून समोरच्या कडेपाशी आणल्यावर तिच्यावर हात सपाट ठेवला. स्वतःच्या कडेवर.

"दोन सूत," ते म्हणाले. "आत."

धाकटा लगेच समजला. सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कापलं तर ढलपीचा खड्डा उरेल. दोन सूत फर्मा आत सरकवला तर पुरता निघून जाईल. त्याचा चेहरा उजळला. "हो, निघेल! चौथी कड दोन सूत आत घेतो. आता हळू घेतो, शपथ."

"दोन्ही," मिस्त्री म्हणाले. हात तिथेच, समोरच्या कडेवर.

"दोन्ही कशाला?"

"मध्य."

एकच बाजू आत घेतली तर आखूड कडांच्या लाटेचा मध्य चुकणार, टेबल एका अंगाला कललेलं दिसणार. दोन्ही लांब कडा सारख्या आत यायला हव्यात. एवढं वहिनीलासुद्धा कळलं. धाकट्याचा चेहरा परत उतरला.

"नाही," तो म्हणाला. "ही नाही. ही तुझी आहे. मी नाही कापणार."

"काप."

"नाही म्हणतो ना! वाचनालयवाल्यांना सांगतो, थांबा म्हणून. तू बरा हो, मग तूच काप. महिन्या-दोन महिन्यांचाच तर प्रश्न आहे. आई, सांग ना त्याला."

"हो रे," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पुन्हा कुजबुजीवर आला होता. "काल चेंडू किती छान धरला होतास."

मिस्त्री भावाकडे बघत राहिले, मग आईकडे. मग त्यांनी वहिनीकडे बघितलं. डावा हात कडेवरून उचलला, शालीत घातला, आणि उजवा हात मनगटाला धरून बाहेर काढला. तो टेबलावर ठेवला. बोटं जशी पडली तशी राहिली. त्यांनी काही मागितलं नव्हतं, काही विचारलंही नव्हतं. नुसते थांबले होते, एखाद्या कामाला कोण हात घालतंय ते बघत.

धाकट्याने तोंड फिरवलं. तो राऊटरची वायर गुंडाळायला लागला, विनाकारण, मनगटाभोवती. सासूबाईंनी जमिनीवरचा भुसा पायाने एका जागी करायला घेतला.

वहिनीच्या मनात आलं, आत्ता चहा टाकते म्हणावं. म्हणता आलं असतं. स्वयंपाकघर चार पावलांवर होतं, आणि चहा म्हटल्यावर या घरात कुठलाही विषय मागे पडायचा. पण मिस्त्री टेबलावरच्या त्या हाताकडे बघतच राहिले होते, आणि मग तिच्याकडे, आणि त्या डोळ्यांत तिला दिसलं की एवढे दिवस ती ज्या सत्यापासून त्यांना सांभाळत होती, त्याच्यापाशी ते एकटेच बसून होते.

ती खुर्चीसमोर खाली बसली, भुशातच.

"अहो," ती म्हणाली, आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "हा हात आता येणार नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्ही परत कधी राऊटर धरणार नाही."